आदराचा पंधरवडा

मला आता 'आदर' हा शब्द कुणी उच्चारला तरी शिसारी येते. शब्दाने बिचाऱ्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण तीन आठवडे तो मी आमच्या शाळेत इतक्या तोंडांतून ऐकला, इतक्या रंगीत कागदांवर लिहिलेला पाहिला, की आता नुसता कानावर पडला तरी नाकात फिनेलचा वास शिरतो. आणि त्या तीन आठवड्यांत सगळ्यांत जास्त खोटं कोण बोललं असेल, तर मीच. तेव्हा पुढे मी ज्यांना नावं ठेवणार आहे, त्यांत माझंही नाव धरा.

मी सुचिता. बोर्ली पंचतनपासून सहा-सात किलोमीटरवर, खाडीच्या अलीकडे, जिल्हा परिषदेची पाचवीपर्यंतची शाळा आहे. तिथे मी अकरा वर्षं शिकवते आहे. पट एक्केचाळीस, शिक्षक दोन, मुख्याध्यापक रावजी सर आणि मी. शिपाई नाही, झाडूवाला नाही. मुलं बहुतेक गावातली, भातशेतीवाल्यांची. त्यांच्या घरातला एक तरी माणूस मुंबईला नाहीतर कंपनीत असतो. आणि दहा-बारा मुलं टेकडीखालच्या कातकरवाडीवरची.

पुण्याच्या एका संस्थेमार्फत आमच्याकडे परदेशी स्वयंसेवक येतात. पंधरा दिवस राहायचं, मुलांना काहीतरी शिकवायचं, आणि जायचं. राहतात समुद्रावरच्या होमस्टेमध्ये, येतात रिक्षाने. दर वेळी संस्थेचा एक विषय ठरलेला असतो. एकदा 'हात धुवा' होता, एकदा 'स्वप्नं पाहा' होता. या वर्षी दिवाळीनंतर आला तो 'परस्परांचा आदर'. एवढ्या लांबून येऊन आमच्या पोरांना आदर शिकवणार, हे ऐकून मला हसूच आलं. आमची पोरं बाई वर्गात आल्या की टुणकन उभी राहतात, सुरात नमस्ते म्हणतात, परीक्षेच्या दिवशी रांग लावून पाया पडतात. आदराची आमच्याकडे टंचाई नाही. तो कुणाला द्यायचा, त्याची यादी तेवढी ठरलेली आहे.

ती यादी आमच्या व्हरांड्यात लावलेली आहे, तीही माझ्याच अक्षरात. सात वर्षांपूर्वी मी स्वच्छतेचा तक्ता केला. मुलांचे चार गट पाडले ते वस्तीवार. वरची आळी, खालची आळी, बंदराकडची घरं आणि वाडी. एकत्र येणारी मुलं एकत्र राहिलेली बरी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. गट एक बाग, गट दोन वर्ग, गट तीन पिण्याचं पाणी, गट चार संडास. दर पंधरवड्याला कामं बदलायची, असं खाली लाल शाईने लिहिलंही होतं. पहिला पंधरवडा संपला आणि गावाला एकदम खोकला झाला. कुणी काही बोललं नाही. दोन आया आल्या, माझ्या साडीचं कौतुक करून गेल्या. शाळा समितीचा अध्यक्ष सदू आला, पाण्याच्या पिंपाकडे बघत बराच वेळ घसा खाकरत बसला. वाडीची पोरं पिण्याच्या पाण्याला हात लावणार का, हे वाक्य त्याने तोंडाबाहेर काढलं नाही. काढावं लागलंच नाही. तक्ता तिथेच थांबला. मी लाल शाईवर पांढरी चिकटपट्टी लावली, आणि वर एक फुलपाखरू काढलं.

स्वयंसेवकांपैकी एखादा चौथ्या दिवशी विचारायचाच, की ही मुलं बादल्या घेऊन कुठे जातात. मग रावजी सर छाती काढून सांगायचे, "श्रमप्रतिष्ठा. आमच्याकडे सगळी मुलं सगळी कामं करतात. या पंधरवड्याला यांचा नंबर आहे." मी ते इंग्रजीत करून द्यायची. पाहुणा पंधरा दिवसांचा, त्यामुळे थापही पंधरा दिवस टिकली की पुरे. पुढची तुकडी आली की तीच थाप तिला ताजी. एकाने तर आपल्या देशात जाऊन आमच्या श्रमप्रतिष्ठेवर लेख लिहिला होता. रावजी सरांनी त्याची छापील प्रत ऑफिसात चौकटीत लावली आहे. भाषा त्यांना कळत नाही, पण फोटोत ते मधोमध आहेत.

आता ठमीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्याबद्दलच आहे. ठमी पाचवीत, वाडीवरची. तिची आई रंगू पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला चिंबोऱ्या म्हणजे खेकडे विकायला बसते. बाप मिळेल ते करतो. दिवाळी झाली की वाडीवरचे बहुतेक लोक वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाशी परततात, आणि पोरंही बरोबर जातात. शाळा तिथेच बुडते. ठमी मात्र या वर्षी मागे राहिली. मी तिला ठेवून घेतली. माणगावच्या बाजूला एक सरकारी निवासी शाळा आहे, सहावीपासून बारावीपर्यंत. राहणं, खाणं, पुस्तकं सगळं तिथेच. प्रवेश परीक्षा जानेवारीत. अकरा वर्षांत ही परीक्षा काढील अशी एकच पोर मला मिळाली होती. मी स्वतः वाडीवर गेले, रंगूच्या दारात बसले, आणि म्हटलं, "हिला आजीजवळ ठेव. मी काढते हिला."

रंगू गाठोडं बांधत होती. ती म्हणाली, "बाई, तुमच्या जिवावर ठेवते. मागारी येईन तवा ती माज्यासारकी व्हायला नको."

मी मान डोलावली. मान डोलवायला आपल्या बापाचं काय जातं?

प्रवेश परीक्षेचा जादा अभ्यास मी शेवटच्या तासाला घेते, सव्वाचार ते पाच. आणि सव्वाचार ते पाच हीच स्वच्छतेची वेळ. बाग, वर्ग, पाणी ही कामं दहा मिनिटांत उरकतात, ती पोरं येऊन बसतात. संडासाला बोअरवेलवरून बादल्या वाहाव्या लागतात. वाडी रिकामी झाल्यावर गट चारमध्ये उरली होती तीन मुलं, त्यांतली दोन पहिलीतली. म्हणजे संडास ठमीचा. ती पाच वाजता हात पुसत वर्गात यायची, तेव्हा मी फळा पुसत असायची. मग ती शेजारच्या प्रज्योतच्या वहीतून उतरवून घ्यायची. प्रज्योत म्हणजे सदूचा मुलगा, चांगला आहे पोरगा. वही जमिनीवर ठेवायचा, ती उचलायची.

हे मला दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं. माझ्या डोक्यात एकच ठरलेलं होतं, या वर्षी कसंतरी निभावू, एकदा ती त्या शाळेत गेली की सुटली. तक्त्याला हात लावला तर गाव अंगावर येईल, आणि परीक्षा राहील बाजूला. असं मी स्वतःला पटवत होते. भित्र्या माणसाला कारणं फार चटकन सुचतात.

या वेळची स्वयंसेविका नॉर्वेची, नाव इंग्रिड. तेवीस-चोवीसची, उंच, उन्हाने नाक लालबुंद. मुलं तिला इंग्रीताई म्हणायची. मुलगी मनाने चांगली होती, हे मला तिच्याविरुद्ध सांगावं लागतंय, कारण वाईट असती तर मला बरं गेलं असतं. तिने पहिल्याच दिवशी मुलांना गोल बसवलं, सदूच्या पोराला वाडीच्या पोरीशेजारी, आणि सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले. पोरांनी धरले. पोरांचं काही नसतं. त्या दिवशी घरी गेल्यावर तीन मुलांना अंघोळी घातल्या, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. एकीने तर सांगताना लाजणं सोडाच, थंडी फार होती, अशी तक्रार केली.

इंग्रिडने मराठी शब्द लिहून ठेवायला एक छोटी वही केली होती. पाणी, भात, बस, चल, संडास, धन्यवाद. असे शब्द ती दिवसभर घोकायची, आणि पोरं हसून लोळायची.

दुसऱ्या आठवड्यात तिने भिंतीवर मोठं झाड चिकटवलं. आदराचं झाड. प्रत्येक मुलाने दुसऱ्या मुलाबद्दल एक चांगलं वाक्य हिरव्या पानावर लिहायचं आणि त्याच्या नावाच्या फांदीला लावायचं. 'साहिल पळण्यात पहिला येतो.' 'क्रांतीचं अक्षर छान आहे.' मी फिरून पाहत होते, चुका सुधारत होते. ठमीच्या फांदीला पाच पानं होती. प्रज्योतचं पान सगळ्यांत वर होतं, त्याने वळणदार अक्षर काढलं होतं. 'ठमी संडास फार छान धुते.' दुसरं पान, 'ठमी न सांगता संडास धुते.' तिसरं तेच. पाचही पानं तीच. एकाही पोराच्या मनात खोट नव्हती. त्यांनी तिच्याबद्दल खरोखर एक चांगली गोष्ट शोधली होती, आणि सात वर्षांत आम्ही त्यांना तेवढीच सापडू दिली होती.

इंग्रिड मागून आली, तिला मराठी वाचता येत नव्हतं, बोललेले दोन-चार शब्द तेवढे कळायचे. तिने विचारलं, इतकी पानं सारखी कशी, काय लिहिलंय?

"ठमी खूप कष्टाळू आहे," मी इंग्रजीत सांगितलं. "सगळ्यांना तेच वाटतं."

इंग्रिडचे डोळे पाणावले. तिने ठमीला जवळ घेतलं. ठमी अंग चोरून उभी राहिली, तिच्या फ्रॉकला फिनेलचा वास येत होता, आणि तो या बाईच्या पांढऱ्या सदऱ्याला लागेल म्हणून ती मागे सरत होती.

पंधरा दिवस संपले. आम्ही सुटलो असं वाटलं, तर इंग्रिडने संस्थेला फोन करून मुक्काम आठवडाभर वाढवून घेतला. तिला शाळा फार आवडली होती. रविवारी संध्याकाळी रावजी सरांचा मला फोन. आवाजात घाम.

"बाई, ती उद्या विचारणार. आता कुणाचा नंबर म्हणून विचारणार."

"मग लावू या दुसऱ्या गटाचा नंबर," मी म्हटलं. म्हणताना मला आतून जरा बरं वाटलं, हे कबूल करते.

"वेड लागलंय का तुम्हाला? सदू मला खाडीत बुडवील. थांबा, मी बघतो काय ते."

सोमवारी सकाळी दोन्ही संडासांना कुलपं होती. वर पुठ्ठा, 'दुरुस्तीचे काम चालू आहे'. त्याखाली रावजी सरांनी इंग्रजीतही लिहिलं होतं, स्पेलिंग मला विचारून. दुरुस्ती कसली आणि काय कसली. आठवडाभर मुलगे भिंतीमागे जात होते, मुली सुरूच्या झाडांमागे जोडीने जात होत्या, एक बसली की दुसरी पहारा देई. तिसऱ्या दिवसापासून मोठ्या मुलींनी पाणी पिणं बंद केलं. मी स्वतः मधल्या सुट्टीत खिचडीवाल्या मनुबाईच्या घरी जात होते. आत आदराचं झाड, बाहेर सुरूची झाडं. हे सगळं एका तक्त्याची दोरी सुटू नये म्हणून.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट झाली. ठमी शेवटच्या तासाला वर्गात बसली.

पहिल्या दिवशी ती सव्वाचारला उठली, दाराशी गेली, कुलूप आठवलं, परत आली. मग पुढच्या बाकावर येऊन बसली आणि मी फळ्यावर लिहिलेलं सगळं एका दमात वाचून काढलं. अपूर्णांक तिला शिकवावे लागलेच नाहीत, नावं तेवढी सांगावी लागली. चिंबोऱ्यांचे वाटे करता करता तिला ते आधीच येत होते. दीडपट, पाऊणपट, उरलेल्याचा तिसरा हिस्सा, हे ती बोटं न मोडता सांगायची. गुरुवारी मी जुनी प्रश्नपत्रिका दिली. चाळीस प्रश्नांपैकी तिचे चौतीस बरोबर आले. प्रज्योतचे बावीस. तिला ते आकडे दोनदा मोजून पाहावे लागले. मग ती माझ्याकडे बघून हसली, आणि मला दिसलं की या पोरीच्या गालाला खळी पडते. चार वर्षं ती माझ्या वर्गात होती.

"लसावि तेवढा राहिला, बाई," ती म्हणाली. "आन् बाकीचं जमलं तर मी जानार ना माणगावला?"

"जाणार," मी म्हटलं. परीक्षेला सहा आठवडे होते.

शनिवारी समारोप. केंद्रप्रमुख आले, सरपंचबाई आल्या, सदू इस्त्रीचा शर्ट घालून आला. सदूने आदर या विषयावर दहा मिनिटं भाषण ठोकलं. माणसाने माणसाला माणूस म्हणून बघितलं पाहिजे, असं तो तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा टाळ्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना दरवर्षी समजावून सांगते, आणि दरवर्षी उदाहरण म्हणून कुणातरी पुराणातल्या माणसाचं नाव घेते.

मग इंग्रिडने तीन मुलांना आदराचे बिल्ले दिले. ज्यांनी शाळेसाठी जास्त केलं, त्यांना. ठमीचं नाव शेवटी. तिने आजीकडून तेल लावून वेणी घालून घेतली होती. बिल्ला लावल्यावर इंग्रिड प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होती, तुला आपल्या शाळेसाठी काय हवं? मी मराठीत विचारायचं, उत्तर इंग्रजीत सांगायचं. साहिलला मैदान हवं होतं. क्रांतीला गोष्टींची पुस्तकं.

ठमीने थोडा विचार केला. मग माइकमध्ये, स्पष्ट, म्हणाली, "संडास बंदच राहू दे."

पुढच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली. रावजी सर माझ्याकडे बघत होते. सदूही बघत होता. इंग्रिडचा चेहरा उजळला, कारण तिला एक शब्द कळला होता. ती हसत हसत माझ्याकडे वळली. संडासाबद्दल काय म्हणाली ती?

इथे मला तीन-चार सेकंद मिळाले. लोक म्हणतात अशा वेळी डोकं चालत नाही. माझं फार उत्तम चाललं. संडास हा शब्द ठेवायलाच हवा होता, बाकीचं वाक्य माझ्या हातात होतं.

"ती म्हणते, आपल्या शाळेचा संडास नेहमी स्वच्छ राहू दे."

इंग्रजीतला 'क्लीन' हा शब्द मी ठासून उच्चारला. केवढ्या टाळ्या. केंद्रप्रमुखांनी मान डोलावत वहीत लिहून घेतलं. इंग्रिडने दोन्ही हात छातीवर ठेवले. रावजी सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. एवढी घाणेरडी शाबासकी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

इंग्रिडला न्यायला गाडी आली होती. पोरं तिच्याभोवती गोळा झाली, फोटो झाले, ती रडली, मुलीही रडल्या. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा ठमी माझ्याजवळ आली. बिल्ला तिने हातात धरला होता.

"बाई, मी असं न्हाय बोलले," ती म्हणाली. "क्लीन बोलले न्हाय मी. क्लीन म्हंजे स्वच्छ. तुमीच शिकवलंय."

"हो," मी म्हटलं.

"मग?"

मी म्हटलं, उशीर झालाय, आजी वाट बघत असेल. ती गेली. तिने परत वळून बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान रागवून घेता आलं असतं. ती सरळ वाडीच्या रस्त्याला लागली.

रविवारभर मला अन्न गेलं नाही. सोमवारी मी शाळेत लवकर गेले आणि रावजी सरांना सांगितलं, आजपासून कामं बदलायची, संडास गट एककडे, नाहीतर मी हा तक्ता केंद्रप्रमुखांसमोर वाचून दाखवते. त्यांनी कुलपं काढली, किल्ल्या टेबलावर टाकल्या. "पालकांना तुम्ही सांगा," म्हणाले. "मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत."

सांगायची गरज पडली नाही. मंगळवारी सकाळी सदू आणि आणखी पाच-सहा जण आले. आवाज कुणी चढवला नाही. आमच्याकडे अशा गोष्टी शांतपणेच होतात.

"बाई, आमची पोरं शालेत शिकायला येतात," सदू म्हणाला. "संडास धुवायला न्हाय."

"आणि वाडीची?"

"त्यांचं काय हाय त्यात? त्यांना चालतं."

"कुणी सांगितलं चालतं म्हणून? त्या पोरीने तुमच्यासमोर माइकवर सांगितलं, ते ऐकलंत ना?"

सदू माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "ऐकलं. तुमी काय सांगितलं तेपन ऐकलं. आता तुमाला येवढा कळवळा आलाय, तर तुमीच धुवा की."

तो टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. आणि मी म्हटलं, "धुते."

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी नाकाला ओढणी बांधली, बादली भरली, खराटा घेतला. दोन दिवस न धुतलेला, तीस-बत्तीस पोरांचा संडास. मी दार उघडलं, पहिली बादली ओतली आणि बाहेर येऊन जास्वंदीच्या बुंध्याशी भडभडून ओकले. परत गेले, परत ओकले. तिसऱ्यांदा मला आत पाऊल टाकता आलं नाही. घरचा संडास मी रोज धुते. सासरे आजारी होते तेव्हा त्यांचं सगळं काढलं. तेव्हा मला कधी काही झालं नव्हतं. मग हे पोटातून काय येत होतं? वास नव्हता तो. हे काम आपलं नव्हे, हे काम करणारी माणसं वेगळी, असं माझ्या आईने, आजीने कधीही शब्दांत न सांगता माझ्या पोटात घालून ठेवलेलं होतं, ते वर येत होतं. मला स्वतःच्या ओकारीचीच ओकारी येत होती.

मान वर केली तर ठमी उभी होती. कंपासपेटी विसरली म्हणून ती परत आली होती. ती तांब्यात पाणी घेऊन आली आणि माझ्या हातांवर धार धरली, तांब्या माझ्या हातांना लागणार नाही इतक्या उंचावरून. हे तिला कुणी शिकवलं, ते विचारायची माझी सोय नव्हती.

बुधवारी कुणी धुतला नाही. गुरुवारी नाही. मी दोन्ही दिवस सव्वाचारला ठमीला म्हटलं, "बस खाली," आणि ती बसली. पण तिचं लक्ष नव्हतं. वास आता वर्गात येत होता. रावजी सर खिडक्या लावून घेत होते. गावातल्या बायका म्हणायला लागल्या होत्या, वाडीची पोरं माजली, परदेशी बाईने डोक्यावर चढवून ठेवली. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आणि मी रोज ठरवत होते, उद्या नक्की, उद्या रिकाम्या पोटी जाईन.

शुक्रवारी मी लसावि घेतला. फळ्यावर बारा आणि अठरा लिहिले. तेवढ्यात दुसरीतली हेमाली दारात येऊन उभी राहिली. हेमाली वरच्या आळीतली, सदूची पुतणी. पायावर पाय दाबून ती रडत होती. आत घाण आहे, आपण जाणार नाही, आणि आता धरवत नाही, असं हुंदके देत सांगत होती.

ठमीने वही मिटली.

"बस खाली," मी म्हटलं. "ठमे, हा तास तुझा आहे. मी बघते."

ती उठून उभी राहिली होती. "न्हाय बाई, तुमाला न्हाय जमनार," ती म्हणाली. "तुमाला उलटी व्हते. मला सवय हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. गुडघे दुखणाऱ्या आजीला आपण म्हणतो ना, तू बस, मी आणते, तसं ती म्हणाली. मग हेमालीला म्हणाली, "दोन मिंटं थांब हां, आत्ता धुते," आणि कोपऱ्यातली बादली उचलून बाहेर गेली.

मी तिला थांबवू शकले असते. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. वर्गातली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, प्रज्योतसुद्धा. बाहेर बोअरवेलचा दांडा वाजायला लागला. मी फळ्याकडे वळले आणि बारा व अठराचा लसावि कसा काढायचा ते समजावून सांगायला सुरुवात केली. तो तास ज्या एका मुलीसाठी ठेवला होता, ती वर्गात नव्हती.